एका श्वासाचा उजेड

आमच्या कॉलेजात भूगोल आणि रसायनशास्त्र या दोन विभागांच्या मधोमध भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं. तेही छतापर्यंत पोचलेलं नव्हतं, कारण मंजूर झालेलं प्लाय तेवढंच होतं. त्यामुळे माझी सगळी नोकरी रतिलाल सरांच्या वासात आणि आवाजात गेली. पलीकडे टोल्युइन उकळायला लागलं की अलीकडे माझी पोरं गोदावरीचं खोरं सोडून नाकं दाबायची. एकदा मी ज्वालामुखी शिकवत होते. फळ्यावर डोंगर काढला, त्याला तोंड काढलं, खडूने लाव्हा रंगवायला घेतला, आणि नेमका त्याच क्षणी पलीकडच्या बेसिनमध्ये सोडियमचा एक विसरलेला तुकडा पाण्याला भेटला. असा दणका झाला की टेबलावरचा पृथ्वीचा गोल उडून माझ्या पायाशी आला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पार्टिशनच्या वरून एक लांबट चेहरा उगवला. सगळी पोरं धडधाकट आहेत ना हे त्याने आधी पाहून घेतलं आणि मग अतिशय सौजन्याने विचारलं, "मॅडम, तुमना ज्वालामुखी बरा व्हयना ना?"

हे रतिलाल सर. ब्राह्मणपुरीचे. घरी केळी, पपई, ऊस, सगळं भरभरून. भाऊ शेतात आणि हे शिकायला बाहेर गेलेले. गेले ते सिलिकॉनचं पॉलिमर या विषयात डॉक्टर होऊन परत आले, आणि शहाद्याच्या आमच्या कॉलेजात रुजू झाले. गावात डॉक्टर आला म्हणून पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं गुडघे दाखवायला आले होते. सरांनी गुडघे तपासले. "वजन कमी करा" असं सांगितलं. त्यातल्या एकाचे गुडघे बरे झाले, आणि त्यानंतर ब्राह्मणपुरीत कोणाला सरांच्या विद्येबद्दल शंका उरली नाही.

उंच, काटकुळे, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट आणि खिशापाशी आम्लाने पाडलेलं एक भोक. शर्ट बदलायचे, भोक तेच असायचं. ते नव्या शर्टावर कसं येतं हे मला कधी कळलं नाही. हातात बारमाही काळी छत्री. छत्रीला आतून अ‍ॅल्युमिनियमचा तो कागद चिकटवलेला, ज्यात आपण पोळ्या गुंडाळतो. या छत्रीखाली सर कधीच नसायचे. छत्री आडवी धरलेली असायची, तिच्या सावलीत एक स्टीलचा डबा असायचा आणि सर उन्हात. पावसाळ्यात डबा कोरडा आणि सर ओलेचिंब. नव्या पोरांना वाटायचं, डब्यात प्रसाद आहे.

डब्यात काय आहे ते मला कॉलेजच्या आधीपासून ठाऊक होतं, कारण मी धानोऱ्याची आणि सरांची बायको विमलताई हीसुद्धा धानोऱ्याची. गावच्या नात्याने ती माझी मोठी बहीण. म्हणजे कॉलेजच्या गेटच्या आत जे 'सर' होते ते गेटच्या बाहेर पाय पडताच माझे 'जिजाजी' व्हायचे, आणि मेहुणीचे जेवढे हक्क असतात तेवढे मी सगळे वापरले. ते आत 'मॅडम' म्हणत, बाहेर 'शोभा'. एकदा गेटच्या बरोबर मधोमध गाठ पडली तेव्हा दोघंही गोंधळून नुसते हसलो.

विमलताई त्या डब्यातल्या वस्तूला 'धाकली' म्हणायची. म्हणजे धाकटी बायको. सकाळी दोन डबे घासून पुसून ठेवायची. "हाऊ तुमना, हाऊ धाकलीना." संध्याकाळी सर घरी आले की हातपाय धुवायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला असे, "कशी शे धाकली?" आणि सरांचं उत्तरही ठरलेलं असे, "आज जराक फिक्की शे."

या फिक्कटपणातच सरांचं सगळं आयुष्य अडकलेलं होतं. ते काय होतं हे मला त्यांनी समजावून सांगायचा फार प्रयत्न केला, पण ते समजलं एकदाच, आणि तेही मैदानावर. जिमखान्याचे देवरे सर त्या दिवशी कवायत घेत होते. रतिलाल सरांनी त्यांची पोरं उसनी घेतली. एका रांगेला सांगितलं, एकमेकांचे हात घट्ट धरा. हा कार्बन. दुसऱ्या रांगेला सांगितलं, हात धरू नका, मधे रुमाल धरा, ओढण्या धरा, टॉवेल धरा. हा सिलिकॉन. वाळूत असतो तोच, फक्त इथे एकमेकांना धरून रांगेत उभा केलेला. मग खिशातून एक लिंबू काढलं. म्हणाले, हे या टोकाकडून त्या टोकाला जाऊ द्या.

कार्बनच्या रांगेत लिंबू पहिल्याच पोरापाशी अडलं. हात सोडल्याशिवाय पुढे देणार कसं? सिलिकॉनच्या रांगेत मात्र ते रुमालावरून घसरलं, ओढणीवर आलं, टॉवेलच्या झोळीतून पुढे गेलं आणि बघता बघता दुसऱ्या टोकाला पोचलं. पोरींनी ओरडून मैदान डोक्यावर घेतलं. "देखा!" सर त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "याना हात लांब शेत, ढिल्ला शेत, म्हनीसन लिंबू बठ्ठी रांगमा पळस. हाऊच उजेड!"

मग त्यांनी देवरे सरांना शिट्टी फुंकायला लावली. शिट्टी म्हणजे ऊन. शिट्टी झाली की सगळ्यांनी जोरात हिसका द्यायचा. कार्बनची रांग हलली पण टिकली. सिलिकॉनच्या रांगेतले रुमाल सटासट सुटले. तेवढ्यात बाजूला उभी केलेली पोरं त्या फटींत घुसली आणि दोन्ही बाजूंचे हात गच्च पकडून उभी राहिली. हा ऑक्सिजन. रांग पुन्हा जोडली गेली, पहिल्यापेक्षा मजबूत. पण आता लिंबू सोडलं तर जागचं हलेना.

"व्हयनी वाळू," सर म्हणाले. "आते हाई बठ्ठं जग बुडी गयं तरी टिकी. पण उजेड देवाव नही."

एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे ढिला हात म्हणून उजेड पडतो, आणि ढिला हात म्हणूनच तुटतं?"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः पाहिलं. वर्षानुवर्षं शिकवल्यावर एखाद्या पोरीने असा नेमका प्रश्न विचारला की काय होतं ते मला माहीत आहे. त्यांनी ते धुळीने माखलेलं लिंबू खिशात घातलं आणि दुपारी त्याचं सरबत करून अख्ख्या वर्गाला पाजलं. एकाच लिंबाचं. चव कशाचीच नव्हती, पण नाही कोणी म्हटलं नाही.

तर हा पेच होता. वाळूतल्या सिलिकॉनची सरांनी जी लांब साखळी केली होती ती जांभळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली, मोराच्या गळ्यासारखी चमके. आणि ज्या दिव्याने ती चमके त्याच दिव्याने ती तुटे. बघितलं की झिजायची. उन्हात ठेवली तर दिवसभरात संपायची. सरांचा ध्यास एवढाच होता, की ती चमकली पाहिजे आणि टिकलीही पाहिजे.

ती साठवायला अंधार हवा होता, आणि प्रयोगशाळेला तर सहा खिडक्या. सर अंधार शोधत शहाद्याच्या बाजारात फिरले आणि युसुफभाईंच्या फोटो स्टुडिओत शिरले. युसुफभाईंच्या वडिलांनी थाटलेला स्टुडिओ. लोकांच्या हातात मोबाइल आल्यावर तिथे फक्त पासपोर्ट फोटो उरले होते. मागची डार्करूम बंद पडली होती, पण युसुफभाईंनी तिथला लाल दिवा काढला नव्हता. रोज संध्याकाळी तो एकदा लावून बघायचे. सर काउंटरवर वाकून म्हणाले, "युसुफभाई, मन्हाकडे उजेड शे, अंधार नही."

युसुफभाईंनी चश्म्यातून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अंधार ले जाव ना सर, अपने पास भरपूर है."

त्या दिवसापासून दोघांची जी दोस्ती झाली ती विचारू नका. लाल दिव्यात धाकलीला काही होत नसे, फोटोच्या कागदाला होत नाही तसंच. युसुफभाईंना आपल्या डार्करूमला पुन्हा काम मिळाल्याचा एवढा आनंद झाला की त्यांनी दाराला नवा काळा पडदा शिवला. आणि तिथे सरांनी तो प्रसिद्ध नियम घातला. धाकली बघायची असेल तर आधी श्वास धरायचा. श्वास धरला की सर जांभळा दिवा लावणार, श्वास सुटला की दिवा बंद. ज्याची जेवढी छाती, तेवढं त्याचं दर्शन. प्रकाशा गावाला तापीत डुबक्या मारणारी पोरं भरपूर बघून यायची. आमच्या प्राचार्यांना दमा होता. त्यांनी बिचाऱ्यांनी काय पाहिलं देव जाणे, पण बाहेर येऊन "अद्भुत" म्हणाले. माझा श्वास हसण्यातच सुटला. मला फक्त एवढं आठवतं की काळ्या अंधारात एकदम एक निळसर हिरवी साय पसरली आणि मी स्वतःच 'हा' केलं, आणि ती गेली. मी पुन्हा एकदा मागितलं. सर म्हणाले, "शोभा, तुन्हा वाटा व्हई गया."

विमलताईने मात्र धाकलीला कधीच पाहिलं नव्हतं.

यामागे एक जुनी गोष्ट होती. लग्न नवीन असताना सरांनी तिला सांगितलं होतं, आत्ताची खेप चांगली नाही, बघता बघता फिकी पडते. तुला मी न फिकी पडणारी दाखवीन. तू हवं तेवढं बघ, श्वास घेत बघ. विमलताई म्हणाली, ठीक आहे, तशी झाली की सांगा. त्यानंतर खेपांमागून खेपा झाल्या. प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा बरी आणि प्रत्येक खेप थोडी फिकी. सर दाखवेनात आणि विमलताई मागेना. अख्ख्या शहाद्याने पाहिलं, देवरे सरांच्या सासऱ्यांनी पाहिलं, एकदा तर बस चुकलेला एक अनोळखी माणूस पाहून गेला, पण विमलताई स्टुडिओच्या रस्त्यानेसुद्धा जायची नाही. "माले वचन दियेल शे," ती मला म्हणाली होती, "मी पाव्हनासारखी एक श्वास देखीसन येसू का?"

त्यात आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, दुखणं वेगळंच. आमच्या खान्देशात आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, जावई मागून येऊन चार दिवस मिरवतात. पण सरांची साखळी ज्या द्रवापासून तयार व्हायची त्याला हवेतला दमटपणा जराही चालत नसे, धूर सुटायचा. आणि वर्षातली सगळ्यात कोरडी हवा कुठल्या दिवसांत? आखाजीच्या. त्यामुळे विमलताई धानोऱ्याला एकटी आणि सर प्रयोगशाळेत सोडियम कापत बसलेले. धानोऱ्यात आम्ही सगळ्या बाया झोक्यावर आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच चौकशी, "वं विमल, तुन्हा नवरा खरंच शे ना?" ती हसून उडवून लावायची. पण एका वर्षी झोक्यावरून उतरताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "शोभा, एखादी आखाजीले उना ना, तर मी त्यासले झोकावर बसाडसू." मला त्या वेळी जिजाजींचा असा राग आला होता की सांगता सोय नाही.

निवृत्तीच्या वर्षी सरांना ती खेप साधली. युसुफभाईंनी वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या दोन काचा दिल्या. त्या दोन काचांमध्ये सरांनी पिवळसर सायीसारखा थर पसरला आणि कडा अशा बंद केल्या की हवा आत शिरणार नाही. ऑक्सिजनची पोरं फटीत घुसूच नयेत म्हणून. युसुफभाई आणि सर दोघं मिळून तिला दिव्याखाली धरून बसले. युसुफभाई श्वास सोडायचे, पुन्हा घ्यायचे, पुन्हा सोडायचे, आणि ती तशीच. दुसऱ्या दिवशी पार्टिशनवरून चेहरा उगवला. मी मोसमी वाऱ्यांच्या मधोमध होते.

"मॅडम," सर म्हणाले, आणि मग घाईत नियम विसरून, "शोभा, टिकनी वं! निरोप समारंभ व्हयना का विमलले लई जासू. सांगजो नको तिले."

मी वर्गाला सुट्टी दिली. मोसमी वारे त्या दिवशी आलेच नाहीत.

आता आमच्याकडची एक खोड सांगते. आमच्या तालुक्यात जे काही चांगलं असेल त्याला हार घालून मांडवात उभं केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. नवा ट्रॅक्टर येवो, कोणाचा पोरगा पास होवो, बोअरला पाणी लागो, हार, नारळ, शाल आणि फोकस. आणि या कामात देवरे सरांचा हात कोणी धरणार नाही. मांडव, माइक, हार, सूत्रसंचालन, सगळं त्यांचं. मनाने सोन्यासारखा माणूस. त्यांनी ठरवलं, रतिलाल सरांना सुखद धक्का द्यायचा.

समारंभ शुक्रवारी संध्याकाळी होता. दुपारी देवरे सर स्टुडिओत गेले. युसुफभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले होते, काउंटरवर त्यांच्या बेगम होत्या. सरांच्या समारंभाला न्यायचं आहे म्हटल्यावर त्यांनी आदराने ती दोन काचांची प्लेट पुसून दिली. देवरे सरांनी ती मैदानात, मांडवाच्या बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल अशी उंच स्टॅण्डवर मांडली. तिच्यावर तिरका एक झेंडूचा भरघोस हार टाकला. तिच्यामागे थर्माकोलचा सूर्य. समोरून दोन मोठे फोकस. आणि वर आमच्या खान्देशचं, डांबर वितळवणारं उन्हाळ्यातलं खरं ऊन.

मी तेव्हा विमलताईच्या घरी तिच्या साडीला पिना लावत होते. तिने नवी मोरपंखी साडी घेतली होती. रंग कोणी सुचवला ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. सर पुढे, आम्ही दोघी मागे. सर स्टॅण्डपाशी आले आणि थांबले. काच खिडकीसारखी स्वच्छ होती. पिवळेपणाचा मागमूस नाही. आरपार थर्माकोलचा सूर्य दिसत होता.

"सर!" देवरे सर घामाने निथळत धावत आले. "दुपारपासून लोक रांग लावून बघताहेत. अख्खं शहादा येऊन गेलं!"

देवरे सरांच्या गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीनेच त्यांचा गळा आवळावा असं मला वाटलं. रतिलाल सर काचेजवळ वाकले. त्यांनी हाताची सावली त्या काचेवर धरली, इतक्या हळू, की जणू अजून काही वाचवायचं बाकी आहे. मग त्यांनी देवरे सरांकडे पाहिलं. त्या माणसाचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"बठ्ठासनी दखं?" सरांनी विचारलं.

"बठ्ठासनी, सर!"

"बरं करं," सर म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मांडवात शिरले.

भाषणं झाली. प्राचार्य पुन्हा "अद्भुत" म्हणाले. सर बोलायला उभे राहिले, एवढंच म्हणाले की या कॉलेजाने मला फार जपलं, आणि बसले. त्यांचं लक्ष नव्हतं. विमलताई शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांच्याकडे पाहत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. 'आज जराक फिक्की शे' म्हणायचा चेहरा तिने रोज संध्याकाळी पाहिलेला होता, आणि आज तो त्याहून वाईट होता.

शाल अंगावर पडताच ती उठली. "चाला."

"कथा जावानं?"

"तुमनी धाकलीकडे."

"विमल, आते काय शे तठे? नुसती काच शे."

"काच ते काच. नवी साडी नेसेल शे मी. फुकट जाऊ देऊ का?"

तिने काचेकडे न बघताच हार बाजूला केला, प्लेट उचलली आणि लगेच सत्काराची शाल तिच्याभोवती गुंडाळली. सरांनी सवयीने छत्री उघडली आणि शालीवर धरली. मग स्वतःच्याच छत्रीकडे बघून त्यांना हसू आलं, तरी बंद काही केली नाही. बाहेर अजून उजेड होता. बाजारातून आमची वरात निघाली: पुढे मोरपंखी साडीत विमलताई, शेजारी छत्री आडवी धरलेले सर, मागे मी, आणि सगळ्यात मागे, एव्हाना काय घडलं ते कोणीतरी सांगितल्यामुळे ढसाढसा रडणारे देवरे सर. लोक दुकानांतून उठून बघत होते.

युसुफभाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. बेगमवर ओरडणार होते, पण सरांनी मान हलवून त्यांना थांबवलं. आम्ही सगळ्यांनी त्या डार्करूममध्ये स्वतःला कोंबून घेतलं. लाल दिवा. पडदा ओढला. युसुफभाईंनी प्लेट टेबलावर ठेवली.

"श्वास धरानी गरज नही," सर म्हणाले. "काहीच नही शे." आणि त्यांनी जांभळा दिवा लावला.

काचेवर हार होता.

झेंडूचा हार, तिरका, फूल न् फूल. गोल गोल फुलं, त्यांच्या कुरतडल्यासारख्या पाकळ्या, मधून गेलेला दोरा, एका जागी निसटून लोंबकळणारी एक कळी, सगळं मोराच्या गळ्याच्या रंगात लखलखत होतं. बाकी काच काळी. उन्हाने सगळं खाल्लं होतं, पण हाराच्या सावलीतलं त्याला खाता आलं नव्हतं.

"या अल्ला!" युसुफभाई किंचाळले. "सर, ये तो प्रिंट निकला! पक्का प्रिंट!" वडिलांनी त्यांना लहानपणी फोटोच्या कागदावर पिंपळाचं पान ठेवून असंच उन्हात छापायला शिकवलं होतं, हे ते एकाच वेळी हिंदीत, अहिराणीत आणि हातांनी सांगायला लागले. देवरे सर रडायचे थांबले. मग हसायला लागले. मग पुन्हा रडले. मी तर कोणाच्या तरी हाताला धरून उड्या मारत होते आणि तो हात युसुफभाईंचा निघाला.

सर काचेकडे बघतच नव्हते. ते विमलताईकडे बघत होते. तिच्या तोंडावर तो निळसर हिरवा उजेड पडला होता आणि तिचा पदर त्यात मिसळून गेला होता.

"अगं माय वं," ती हळूच म्हणाली. "धाकली तर मन्हापेक्षा देखणी निंघनी."

"देख," सर म्हणाले. "पोट भरीसन देख."

त्यांनी दिवा बंद केला नाही. आम्ही बघत होतो आणि हार विरायला लागला. दुपारच्या त्या तापाने काचेच्या कडा सुटल्या होत्या, हवा आत शिरली होती. आधी ती लोंबकळणारी कळी गेली. मग दोरा. युसुफभाईंना राहवेना. "सर, बंद करो, सब उड जाएगा."

"ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "तिले वचन दियेल शे. आज मोजनं नही."

त्यांचा हात बटणावर होता आणि तो हलत नव्हता. सगळं आयुष्य ज्या माणसाने तो उजेड श्वासाश्वासाने वाटला, तो आज सगळा एकदम तिच्यासमोर ओतून द्यायला निघाला होता. एका टोकाची फुलं मंद झाली. मग विमलताईने आपला हात पुढे केला, सरांच्या बोटांवर ठेवला आणि खटकन बटण बंद केलं.

अंधारात एकदम सगळ्यांचा श्वास सुटल्याचा आवाज झाला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही सगळ्यांनी धरून ठेवला होता.

"जराक ठेवा," अंधारातून विमलताईचा आवाज आला. "एकच दिनमा बठ्ठं देखी टाकं तर उद्या काय देखसूत?"

त्यानंतर बटण तिच्याकडे गेलं ते कायमचं.

पुढच्या आखाजीला मी धानोऱ्याला पोचले तेव्हा विमलताईच्या माहेरी बायांची रांग लागलेली होती. घराच्या पोटात दाण्यांची एक आंधळी खोली आहे. तिच्या दाराशी विमलताई उभी, कमरेला पदर खोचलेला. आत एकेकीला सोडत होती. "धर श्वास! धरा का? जाय आते!" आणि तिच्यामागोमाग स्वतःही आत जायची. खटकन बटणाचा आवाज, एक चीत्कार, पुन्हा खटकन.

माझी पाळी आली तेव्हा तिने दार अडवलं.

"तुले नही वं."

"का? मी काय पाप केलं?"

"आते दोन फुलं ऱ्हायनात. एक याच बायासमा वाटी देसू. दुसरं कोणलेच नही." मग कानाशी येऊन म्हणाली, "ते त्यासनं न् मन्हं शे."

मी भांडणार होते. मेहुणीचा हक्क काढणार होते. पण तेवढ्यात अंगणातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून वळून पाहिलं. लिंबाच्या फांदीला मोठा झोका बांधलेला होता आणि त्यावर जिजाजी बसले होते. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशापाशी भोक, एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात ती छत्री, उघडी, आतला चंदेरी कागद उन्हात चमकत होता. गावातल्या सगळ्या मेहुण्या त्यांना पाळीपाळीने ढकलत होत्या आणि इतक्या वर्षांच्या न आलेल्या आखाज्यांचा सूड घेत होत्या. झोका फांदीच्या वर जात होता.

"जिजाजी," मी ओरडले, "कसं वाटस?"

पण तेवढ्यात दाण्यांच्या खोलीतून विमलताईचा आवाज आला होता, "धर श्वास!" आणि वर, लिंबाच्या पानांत, सरांनी दोन्ही गाल टम्म फुगवून श्वास धरला होता.